डॉक्टरबाई बाकावर बसल्या

आमच्या गावाला डॉक्टर आहे, हे आम्ही परगावच्या माणसाला त्यानं न विचारता सांगतो. नदीपलीकडच्या गावात मोठा बाजार भरतो, त्याच्या पुढच्या गावात कारखाना आहे, असू दे. त्यांच्या बाजारात ताप उतरवायचं दुकान नाही. त्यांची माणसं कण्हत कण्हत पूल ओलांडून आमच्याकडेच येतात आणि बाकावर बसून आमच्याच रस्त्याला नावं ठेवतात. आम्ही ऐकून घेतो. ज्याच्या घरी विहीर, त्यानं पाण्याला आलेल्याचे चार शब्द ऐकावेत.

या डॉक्टरबाई जन्मानं आमच्या गावच्या नव्हेत. मास्तरांशी लग्न झालं म्हणून इकडे आल्या. मास्तर शाळेत भूगोल शिकवतात. जगातल्या साऱ्या नद्या त्यांना पाठ आहेत, पाहिलेली मात्र एकच. बाई आल्या तेव्हा शहाण्या लोकांनी मान हलवून सांगितलं, की पाहुणी आहे, कंटाळून जाईल. शहाणे लोक एकेक करून म्हातारे झाले आणि त्यांचे गुडघे बाईंनीच तपासले.

मास्तरांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागच्या खोल्यांत घर, आणि मधे एक दार. दाराच्या अलीकडे डेटॉलचा वास, पलीकडे फोडणीचा. हे दोन वास एकमेकांच्या घरात इतके जात-येत, की बाईंच्या लेकीला लहानपणी स्वयंपाकालाच औषधाचा वास असतो असं वाटे. त्या लेकीनं शाळेत ‘माझी आई’ म्हणून चित्र काढलं होतं. त्यात पांढऱ्या कोटाची पाठ होती आणि खाली दोन चपला. तोंड नव्हतं. शिक्षिकेनं विचारलं, “आईचं तोंड कुठंय गं?” लेक म्हणाली, “आई चाललीय ना.” ते ऐकून बाई खूप हसल्या, आणि मग परसात जाऊन उगाच बराच वेळ कपडे वाळत घालत राहिल्या. आता ती लेक लग्न होऊन दूर गेली आहे. फोनवर बोलते तेव्हा घाईघाईनं बोलते, लहानपणापासूनची सवय.

बाईंचं जेवण पाहण्यासारखं असे. ओट्याशी उभं राहून, डाव्या हातानं. उजवा हात धुतलेला आणि मोकळा, बोलावणं आलं की लगेच उपयोगी पडावा म्हणून. घास तोंडात, कान दाराकडे. मास्तर टेबलाशी बसलेले असत. ते म्हणायचे, “तू जेवत नाहीस. तू पेट्रोल भरतेस.”

“भरायला तर हवं,” बाई म्हणायच्या. “गाडी चालतेय ना?”

गाडी चालत होती म्हणूनच कुणी बॉनेट उघडून पाहिलं नाही. आम्हीसुद्धा नाही. खरं सांगायचं तर गावाला बाईंच्या तब्येतीचा विचार करायची सवयच नव्हती. दिव्यानं उजेड द्यावा. त्याच्या खाली काय आहे ते कोण वाकून बघतो?

त्या वर्षी थंडी सरता सरता बाईंना गिरणीच्या चढावर दम लागू लागला. आमची गिरणी म्हणजे लाकूड कापायची. तिच्या वरच्या अंगाला वस्ती आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना तपासायला बाई तिथं पायी जात. पूर्वी बोलत बोलत चढ संपायचा. आता अर्ध्यावर त्या थांबू लागल्या. नुसतं थांबणं शोभत नाही, म्हणून त्या गिरणीवाल्याशी बोलत. त्याला सारं गाव भुसा म्हणतं, कारण त्याच्या भुवयांवरसुद्धा लाकडाचा भुसा बसलेला असतो.

“काय रे भुसा, बोटं आहेत ना सगळी?”

“आहेत बाई, मोजून घ्या.”

“तू मोज. मी ऐकते.”

भुसा मोजत बसे आणि बाई तेवढ्यात श्वास जमवत. भुसाला वाटे, आपल्या बोटांची बाईंना किती काळजी! तो घरी जाऊन बायकोला सांगायचा.

मग पाठीत दुखू लागलं, दोन खांद्यांच्या मधे. बाईंनी स्वतःला सांगितलं, वाकून वाकून दुखतंय. मग जबडा दुखू लागला. बाईंनी सांगितलं, दात खाऊन काम करते ना मी. छातीत जळजळ झाली तर जेवणाच्या वेळा चुकतात, पित्त आहे. प्रत्येक दुखण्याला त्यांच्याकडे एक सभ्य कारण तयार होतं. औषध कंपनीचा माणूस नमुन्याच्या गोळ्या ठेवून जायचा, टेबलाच्या खणात हाताला लागतील तशा बाई त्या घेत. हीच तक्रार घेऊन कुणी बाई दवाखान्यात आली असती, तर तिला त्यांनी तिथल्या तिथं झोपवून मशीन लावलं असतं आणि वर चार शब्द सुनावले असते. पण डॉक्टर स्वतःला तपासायला बसला की त्याला समोर पेशंट दिसत नाही. दिसतो तो कामचुकार माणूस, सुट्टी मागायला आलेला.

एका दुपारी दवाखाना रिकामा असताना चुलीपासून मधल्या दारापर्यंत येईतो त्यांना घाम फुटला. त्या तपासायच्या पलंगावर बसल्या आणि सिस्टरला म्हणाल्या, “ईसीजी लाव गं जरा.”

सिस्टर म्हणजे बाईंच्या हाताखाली शिकून तयार झालेली, आता तिचेही केस पिकलेले. तिनं इकडे तिकडे पाहिलं. “कुणाला?”

“मला. मशीन नीट चालतंय का बघायचंय.”

“मशीन सकाळी चालत होतं.”

“म्हणून दुपारी बघायचं नाही का?”

सिस्टरनं तारा लावल्या. कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. बाईंनी ती फाडून घेतली, खिडकीशी नेली, आणि बराच वेळ सिस्टरकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पट्टी वाचता न येण्याइतक्या त्या भाबड्या नव्हत्या.

“मॅडम, काय आलंय?”

“मशीन चांगलं आहे,” बाई म्हणाल्या. “आणि सिस्टर, पेशंटची गोष्ट दाराबाहेर जाता कामा नये. काय शिकवलंय मी?”

सिस्टरनं मान हलवली. हा नियम बाईंनीच तिच्या हाडात मुरवला होता. आता तो तिच्या घशात काट्यासारखा अडकला.

बाईंची एक वर्गमैत्रीण शहरात हृदयाची मोठी डॉक्टर आहे. कॉलेजच्या वसतिगृहात दोघी एका खोलीत राहायच्या. ती उंच, म्हणून लंबू; आमच्या बाई बुटक्या, म्हणून ठेंगणी. पन्नाशी उलटली तरी फोनवर दोघींची नावं तीच. बाईंनी पट्टीचा फोटो तिला पाठवला आणि फोन लावला. हे बोलणं पुढं दोघींनीच हसत हसत सगळ्यांना सांगितलं, म्हणून मला सांगता येतंय. त्या दिवशी त्यातली एकही हसत नव्हती.

“बोल गं ठेंगणे. जिवंत आहेस?”

“आहे म्हणून तर फोन केला. पट्टी बघितलीस?”

“बघतेय.” लंबूनं फोटो मोठा करून पाहिला. “कुणाची ही?”

“माझी एक पेशंट आहे. बाई. आपल्याच वयाची.”

“त्रास काय?”

“चढावर दम लागतो. पाठीत दोन खांद्यांच्या मधे कुणी अंगठा रोवल्यासारखं. डावा जबडा दुखतो, कानाखालपर्यंत.”

लंबूला इथंच कळलं. साधी बाई दाढ दुखते म्हणते, गाल दुखतो म्हणते. जबडा दुखतो असं सांगून वर कानाखालपर्यंतची हद्द आखून देणारी पेशंट एकाच जातीची असते. तोंडावर आलेली शिवी लंबूनं गिळली. तिला ठेंगणी पुरती ठाऊक होती: समोरून धरायला गेलं की फोन ठेवणार आणि मग महिनाभर उचलणार नाही. मांजराला पिशवीत घालायचं तर आधी पिशवी दुसऱ्याच कामाला आणलीय असं दाखवावं लागतं.

“बरं,” लंबू म्हणाली. “पेशंट तिथंच आहे का?”

“आहे. बाहेर बसलीय.”

“मग मी विचारते ते तिला विचार आणि मला सांग. झोप लागते का?”

“लागते. पण तुटक.”

“तू विचारलंस कुठं तिला?”

“विचारलं होतं मघाशी.”

“जेवते वेळेवर?”

“नाही.”

“घरी कोण आहे?”

“नवरा आहे. चांगला आहे. त्याला सांगितलेलं नाही तिनं.”

“का?”

“तो काळजी करेल म्हणते.”

“मग काय, नवरा शोभेला ठेवलाय? असू दे. तिला विचार, तुला भीती वाटते का.”

चढावरच्या गिरणीची करवत लाकडात शिरल्याचा आवाज लंबूलाही ऐकू आला असेल.

“वाटते म्हणतेय,” बाई म्हणाल्या. आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता. “मरायची नाही. आडवं पडायची. एकदा आडवी झाले तर पुन्हा उठवणार नाही माझ्यानं, म्हणते. इतकी दमलीय. आणि मग बाकावर बसलेल्यांनी जायचं कुठं?”

स्वतःविषयी इतकं खरं बाई त्या आधी कुणाशी बोलल्या नव्हत्या. दुसरीचा पदर तोंडावर घेतला तेव्हा कुठं त्यांचं तोंड उघडलं.

लंबू म्हणाली, “तिला सांग, बाक लाकडाचा आहे, तो कुठं जात नाही. आणि सांग, माझ्या ओळखीची एक डॉक्टर आहे. तिच्या मणक्याचं ऑपरेशन करायला सांगितलंय, ती दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर ढकलते. कमरेला पट्टा बांधून उभी राहते आणि लोकांना विश्रांती घ्या म्हणते. तीही तुझ्याएवढीच मूर्ख आहे म्हणावं.”

“ती कोण गं?”

“आहे माझी एक पेशंट.”



“आत्ताच्या आत्ता पाठव तिला,” लंबू म्हणाली. “अ‍ॅस्पिरिन चावून खायला दे. गाडी तिनं चालवायची नाही. जिना चढायचा नाही.”

“उद्या पाठवते. दुपारपर्यंत.”

“उद्या नाही, आज.”

“पेशंट ऐकत नाही गं.”

“मग तू कसली तिची डॉक्टर?”

बाईंनी फोन ठेवला. गोळी तेवढी चावली. लंबूनं शहरातून मास्तरांचा नंबर काढला, लावला, आणि घंटा वाजायच्या आत बंद केला. पेशंटला न विचारता घरच्यांना सांगायचं नाही, हा नियम तिलाही होताच. तिनं आपल्या दवाखान्यात एक खाट राखून ठेवली आणि दर थोड्या वेळानं ठेंगणीला एकच निरोप धाडत राहिली: निघाली का तुझी पेशंट?

निघाली नाही. चहा पिताना बाई मास्तरांना म्हणाल्या, “उद्या शहरात जायचंय दुपारी. एका पेशंटला दाखवायचंय.”

“मी येऊ?”

“नको. तुमची शाळा आहे.”

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “चेहरा उतरलाय तुझा.”

“आरसा मलाही आहे,” बाई म्हणाल्या, आणि विषय तिथंच मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाक भरलेला होता. आमच्या बाकाचा एक कायदा आहे, तो परक्याला समजावून सांगावा लागतो. इथं नंबर नसतो. आधी आला तो आधी आत, असंही नसतं. जो जास्त आजारी, तो आधी. आणि ते बाक ठरवतो. बाईंनीच पहिल्यापासून तशी रीत घातली. त्या म्हणायच्या, मी आत एकाला बघत असते, बाहेर कोण कोसळतोय ते मला दिसत नाही; तुम्ही एकमेकांकडे बघा. म्हणून नवा माणूस येऊन बसला की सगळे आधी त्याचा रंग बघतात, श्वास बघतात, ओठ बघतात. भांडणं होतात, नाही असं नाही. माझा खोकला तुझ्या पोटदुखीपेक्षा जुना आहे, असली. पण एकदा बाकानं सांगितलं की परगावचा माणूससुद्धा मुकाट्यानं सरकतो.

त्या सकाळी बाकावर अंगठा चेचलेला भुसा होता. पोस्टातून निवृत्त झालेल्या मावशी होत्या, ज्यांनी हयातभर गावाला पत्रं वाटली आणि आता मतं वाटतात. मांडीवर तापलेलं मूल घेतलेली एक सून होती. आणि कंबर धरून बसलेला मालाच्या छोट्या टेम्पोचा ड्रायव्हर होता. बाईंनी ठरवलं होतं, एवढे बघून निघायचं. सिस्टर मात्र सकाळपासून हातातलं भांडं पाडत होती.

बाईंनी मुलाला तपासलं, औषध दिलं, आणि पुढच्याला बोलवायला दारात आल्या. “चल रे भु—” एवढं म्हणाल्या आणि शब्द अर्धाच राहिला. त्यांनी चौकट धरली. मग दोन पावलं टाकून त्या बाकाच्या टोकाशी बसल्या.

ड्रायव्हर सवयीनं सरकला. कुणीही येऊन बसलं की सरकायचं, तसा. मग सगळ्यांनी, तेही सवयीनंच, नव्यानं आलेल्या माणसाकडे पाहिलं. रंग पाहिला: राखेसारखा. कपाळ पाहिलं: घामानं भिजलेलं. श्वास पाहिला: वरच्या वर. एक हात छातीच्या मधोमध, मूठ मिटलेली.

“हिला आधी,” मावशी म्हणाल्या.

भुसा हसला. “मावशी, अहो त्या बाई आहेत.”

“मला डोळे आहेत. मी रंग सांगतेय. हिला आधी.”

भुसानं परत पाहिलं आणि त्याचं हसू भुशासारखं गळून पडलं. “हो,” तो म्हणाला. “बाई, तुम्ही आधी. जा आत.”

“आत जा बाई,” ड्रायव्हर म्हणाला.

दार उघडंच होतं. सगळ्यांनी आत पाहिलं. टेबल होतं, टेबलावर बीपीचा पट्टा होता, आणि खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर पांढरा कोट लटकत होता. इतकी वर्षं आम्ही त्या दारातून आत गेलो, पण आत कुणीच नाही असा दवाखाना आम्ही कधी पाहिला नव्हता. पाळी आली ती बाईंची, आणि तपासायला कोणी नाही. सुनेच्या मांडीवरचं मूल तेवढं रडत राहिलं.

“मला काही झालेलं नाही,” बाई म्हणाल्या. “जरा बसते.”

तेव्हा सिस्टरच्या घशातला काटा सुटला. “खोटं बोलतात!” ती रडत ओरडली. “काल पट्टी काढलीय! हृदयाची आहे! शहरात बोलावलंय त्यांना!”

“सिस्टर,” बाई म्हणाल्या. “काय शिकवलंय मी?”

“तुम्ही शिकवलंत ते पेशंटसाठी,” सिस्टर म्हणाली. “तुम्ही कुठं पेशंट होताय? झाला असतात तर गप्प बसले असते!”

भुसा अंगठ्याचं फडकं सांभाळत शाळेकडे पळाला. मास्तर आले ते बोटांना खडू घेऊनच. बाकासमोर गुडघ्यावर बसले.

“काय होतंय?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या.

“होतंय!” अख्खा बाक एका सुरात म्हणाला.

ड्रायव्हर आपली कंबर विसरून उठला होता आणि टेम्पोत गादी अंथरत होता. मावशींनी बाईंच्या पायांत चपला घातल्या. जाता जाता बाई म्हणाल्या, “भुसाला धनुर्वाताचं इंजेक्शन—” आणि मावशींनी त्यांचं बोलणं तिथंच तोडलं, “भुसा मरत नाही. तुम्ही आधी.”

गावाबाहेरच्या वळणापर्यंत आम्ही टेम्पोच्या मागं चालत गेलो.

शहरातल्या दवाखान्याच्या दारात लंबू उभी होती, कमरेला पट्टा बांधून. ठेंगणीला चाकाच्या खुर्चीत बसवताना ती म्हणाली, “आणलीस पेशंट?”

“आणली,” बाई म्हणाल्या.

“उशीर केलास.”

“माहीत आहे मला.”

आतही त्या गप्प राहिल्या नाहीत. सुई टोचणाऱ्या नर्सला शीर दाखवत होत्या, मशीनचा आकडा वाचत होत्या. शेवटी लंबू कानाशी वाकून म्हणाली, “ठेंगणे, आता डॉक्टर मी आहे. डोळे मीट.” बाईंनी डोळे मिटले. लंबूनं हातमोजे चढवले. आडवं पडायला भिणारी बाई तिच्यासमोर आडवी पडली होती.

मास्तर बाहेरच्या बाकड्यावर बसले होते. लंबूच्या सहकाऱ्यानं त्यांना सारं सांगितलं: कधीपासूनचं आहे, काय आहे, काय होऊ शकतं. मास्तर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मी शेजारच्या खोलीत होतो हो.” आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. लंबूनं त्यात जाळी बसवली. बाहेर येऊन तिनं मास्तरांच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, “वाचली. आणखी दोन दिवस तिच्या कलानं घेतलं असतं, तर मला तुमच्यासमोर यायची हिंमत झाली नसती.”

नंतर कधीतरी, बाई उशाला टेकून बसू लागल्यावर, मास्तरांनी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही घाबरला असतात.”

“मी घाबरायला तयार होतो,” मास्तर म्हणाले. “लग्न केलंय. तेवढा तरी हक्क असू दे माझा.”

बाई रडल्या. आमच्या गावातल्या कुणीही त्यांना रडताना पाहिलेलं नाही, आणि मास्तरांनी हे सांगितलं तेव्हाही कुणाला खरं वाटलं नाही.

गावाकडे लंबूनं एक म्हातारे डॉक्टर पाठवले. तिला शिकवलेले, निवृत्त, आणि कानानं अधू. ऐकायला कमी येतं म्हणून तेच मोठ्यानं बोलत. कुणाचं पोट साफ होत नाही, कुणाला खाज कुठं येते, हे आता पुलापर्यंत ऐकू जाऊ लागलं. पण त्याहून मोठा धक्का दुपारी बसला. त्यांनी घड्याळ पाहिलं, उठले, आणि बाकासमोर उभं राहून गरजले, “माझी जेवणाची वेळ झाली! कुणाचा जीव जात असेल तर दार वाजवा! नुसतं विचारायचं असेल तर उन्हं उतरल्यावर या!”

दार बंद. आतून घोरण्याचा आवाज.

“हा डॉक्टर आहे का बँक?” मावशी म्हणाल्या.

गाव चिडलं. काही लोक तणतणत कारखान्याच्या गावी उघडलेल्या नव्या दवाखान्यात गेले, आणि त्यातले काही परत आले नाहीत. ते पुढं बाईंना कळलं तेव्हा त्यांना लागलं. पण हळूहळू गावाच्या ध्यानात आलं, की दुपारच्या दुखण्यांतली अर्धी चहा प्यायल्यावर जातात, आणि उरलेली अर्धी उन्हं उतरेपर्यंत थांबतात. खरोखर जीव जायची वेळ एकदाच आली. दार वाजवलं. म्हातारा तोंडातला घास न गिळता उठला आणि माणूस वाचवला. मग जाऊन पुन्हा जेवला.

बाई घरी आल्या. लंबूनं ताकीद दिली होती: मधलं दार ओलांडायचं नाही, पुढं सुरू करशील तेव्हा फक्त सकाळी, संध्याकाळ म्हाताऱ्या डॉक्टरांची. बाईंनी बदल्यात लंबूकडून मणक्याच्या ऑपरेशनची तारीख लिहून घेतली. सौदा चोख झाला. पण पहिले दिवस फार कठीण गेले. भिंतीपलीकडे बाक कुरकुरला की कोण बसलं ते बाईंना वजनावरून कळे. हात नुसते शिवशिवत. मास्तर म्हणत, “आता हिला भिंत तपासायला द्या कुणीतरी.”

सुट्टीच्या दिवशी दोघं जरा लवकर जेवायला बसली होती. बाई खुर्चीवर, उजव्या हातानं जेवत होत्या. मास्तर शाळेतला काहीतरी किस्सा सांगत होते. एका पोरानं नकाशात समुद्र कसा हिरवा रंगवला आणि विचारलं तर काय म्हणाला, असलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकला आला. कोरडा, खोल, मागं शीळ ओढणारा. नवा माणूस होता. बाईंचा घास हवेत थांबला. हा खोकला साधा नाही, हे त्यांना ऐकताक्षणी कळलं. त्यांनी घास ताटात ठेवला, टेबलावर हात टेकले, आणि अर्ध्या उठल्या.

मास्तर बोलायचे थांबले. अडवलं नाही. नुसते बघत राहिले.

बाई तशाच वाकून उभ्या होत्या. पुढं जायचं तर मधलं दार चार पावलांवर होतं.

पलीकडून म्हातारे डॉक्टर गरजले, “रात्री घाम येतो का? अंथरूण भिजेल इतका?”

माणूस काहीतरी पुटपुटला.

“मोठ्यानं बोला! आणि वजन उतरलंय? चला, शर्ट काढा! छातीचा फोटो काढायला लागेल!”

बाईंनी नेमकं हेच विचारलं असतं, याच क्रमानं. त्या खाली बसल्या. बसताना खुर्ची थोडी पुढं ओढून घेतली. भिंतीपलीकडे म्हातारे अजून ओरडत होते, माणूस खोकत होता, सिस्टर कुणाला तरी सरकायला सांगत होती. बाईंनी ताटातला घास उचलला.

“हं,” त्या मास्तरांना म्हणाल्या, “मी ऐकलंच नाही बघा. पोरगा समुद्राचं काय म्हणाला? पहिल्यापासून सांगा.”

मास्तरांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.